वजनाचा रकाना नसलेली वही

पहाटे पाचला विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर निघा. डांबरी रस्त्याच्या कडेनं भरतीची पोरंपोरी धावत असतात. त्यांच्या मागं, शुगर निघाली म्हणून चालायला लागलेल्या दोन-तीन काकू असतात. जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर कोणी एकटाच दंड मारत असतो. पेरण्या सुरू होईपर्यंत यातले बरेच गळालेले असतात आणि त्यात आळसाचा भाग थोडा असतो. बहुतेकांनी व्यायाम धरलेला असतो तो आपल्या अंगाचा राग आला म्हणून, आणि राग महिना-दीड महिन्याच्या पुढं पुरत नाही. काही जण उलट टोकाला जातात. ताप असताना धावतात, जेवण तोडतात, नडगीचं हाड ठणकत असलं तरी थांबत नाहीत. दोघांचं दुखणं एकच: व्यायाम किती झाला हे ते आरशाला विचारतात.

खाली दिलेली पद्धत त्यावरची आहे. घरी, वावरात आणि शाळेच्या मैदानावर जमेल अशी. जिम लागत नाही, एक वही लागते.

आधी काटा बाजूला

नवीन व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन कमी व्हायच्या ऐवजी अर्धा-एक किलो वाढू शकतं. सवय नसलेल्या श्रमानं स्नायूंना बारीक इजा होते आणि ती भरून निघताना तिथं पाणी धरलं जातं. स्नायू आपला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वाढवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी येतं. रात्री पापड-लोणचं जास्त झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, तरी काटा हलतो. निरोगी माणसाचं वजनही दिवसभरात १ ते २ किलो इकडचं तिकडं होतं. आता ज्या काकूनं महिनाभर पहाटे उठून चालायचं आणि दर सोमवारी किराणा दुकानातल्या काट्यावर उभं राहायचं ठरवलं, तिला तिसऱ्या सोमवारी काय दिसणार? मेहनत वाया गेली असंच दिसणार. तिथंच चालणं सुटतं.

म्हणून पहिले १२ आठवडे वजन करू नका. डॉक्टरनं शुगर, बीपी किंवा थायरॉइडसाठी वजन पाहायला सांगितलं असेल तर महिन्यातून एकदाच, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. बाईनं पाळी सुरू झाल्यापासूनचा सातवा-आठवा दिवस धरावा, म्हणजे पाण्याचा घोळ टळतो. कमरेचा घेर शिवणटेपनं तीन महिन्यांनी एकदा घेतला तरी पुरे. भारतीयांसाठी पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ धरतात. ही रेघ शुगर आणि हृदयविकारासाठी आहे. कोण सुंदर दिसतं, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

काट्याच्या जागी वही. शाळेची साधी चाळीस पानी चालते. रकाने पाच: तारीख, काय केलं, किती जमलं, अंग कसं होतं (१ ते ५), झोप. वजनाचा रकाना आखायचाच नाही, कारण रकाना दिसला की हात भरायला जातो. एक नोंद अशी दिसते:

*मंगळवार. धावणं ४०० मीटर × ३, मधे २ मिनिटं चालणं. तिसरा फेरा जड गेला, शेवटचे शंभर पावलं चाललो. अंग ३. झोप ६ तास, रात्री लाइन गेली होती.*

शेवटचं वाक्य बिनकामाचं वाटेल. महिनाभरानं पानं उलटली की कळतं, वाईट गेलेले बहुतेक दिवस कमी झोपेचे किंवा रात्री उपाशी झोपल्याचे आहेत. "माझं अंगच तसलं" हा निकाल आपोआप मागं पडतो.

दर चार आठवड्यांनी पाच चाचण्या घ्या आणि वहीच्या मागच्या पानावर लिहा:

– जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि टोंगळ्याला किंवा भुईला हात न टेकवता उठायचं. एका मिनिटात किती वेळा?
– अंगणातल्या ओट्याला हात टेकवून दंड, न थांबता किती? ओटा जितका उंच तितकं सोपं.
– ८०० मीटर किती वेळात? शाळेच्या मैदानाचा एक फेरा एकदा टेपनं किंवा फोनवर मोजून ठेवा.
– दोन्ही हातांत १० लिटरची भरलेली कॅन घेऊन खाली न ठेवता किती पावलं? दोन कॅनचं वजन २० किलोच्या वर जातं. नव्यानं सुरुवात असेल तर ५ लिटरच्या घ्या.
– सकाळी अंथरुणातच नाडी, ३० सेकंद मोजून दुप्पट.

या पाचांतलं काहीतरी चार आठवड्यांत हमखास हलतं. काटा हलला नाही तरी हे हलतं. अंगाकडं पाहायची नजर बदलते ती इथून. "माझ्या मांड्या जाड आहेत" असं म्हणणाऱ्या पोरीच्या वहीत "मांडीवरून उठणं ११, मागच्या वेळी ६" असं लिहिलेलं असलं की त्याच मांड्यांविषयी तिच्याजवळ आता दुसरीही एक गोष्ट असते. जाडीचा विचार पळून जात नाही. पण तो एकटा राहत नाही.

आठवड्याचं गणित

आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची शिफारस. गावात ती अशी बसवता येते: तीन दिवस चालणं-धावणं, दोन किंवा तीन दिवस ताकद, एक दिवस पूर्ण सुट्टी.

ताकदीच्या दिवशी बैठका ८ ते १२, ओट्यावरचे दंड ६ ते १०, कॅन घेऊन ४० पावलं, पोटावर झोपून छाती उचलणं ८. असे तीन फेरे, मधे दीड-दोन मिनिटं दम. सगळे फेरे नीट झाले की पुढच्या आठवड्यात प्रत्येकी दोन वाढवा. धावणाऱ्यांनी आठवड्याचं एकूण अंतर एका वेळी साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. भरतीची जाहिरात निघाली की पोरं दोन किलोमीटरवरून थेट आठवर जातात आणि पंधरा दिवसांत नडगी धरून बसतात.

पोट कमी करायला उताणं झोपून शंभर वेळा उठायचं, हा हिशेब चालत नाही. ज्या जागचा स्नायू हलवला त्याच जागची चरबी जाते असं शरीरात होत नाही. ती कुठून आधी जाईल हे बरंचसं आनुवंशिकता आणि हार्मोन ठरवतात. पोटाला प्लॅस्टिक किंवा पट्टा बांधून धावणारे दिसतात. त्यात फक्त घाम जातो, तो पाण्याच्या पहिल्या दोन ग्लासांत परत येतो आणि मे महिन्यात यानं उष्माघात होऊ शकतो.

कापूस वेचणीचे दिवस वेगळे धरा. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली बाई संध्याकाळी "आज व्यायाम बुडाला" म्हणून हळहळते, हे चूक आहे. वहीत "वेचणी, १ दिवस" असं लिहा. तो श्रमच आहे. निंदण, डवरणी, पाण्याच्या पाळ्या, सगळं लिहा. त्या दिवशी धावायचं नाही. झोपायच्या आधी दहा मिनिटं फक्त वाकण्याच्या उलट हालचाली: पोटावर झोपून छाती उचलणं ८ × २, भिंतीला पाठ-डोकं टेकवून मिनिटभर उभं राहणं, पोटऱ्या ताणणं. फवारणी केली त्या दिवशी व्यायाम नाहीच. अंघोळ, कपडे वेगळे आणि आराम.

भरतीच्या पोरापोरींसाठी

अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक: पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा. उंचीची अट पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर, पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. सवलती आणि बदल जाहिरातीत पाहून घ्यावेत. या सगळ्यात रंगाला गुण नाहीत, दंडाच्या गोळ्याला नाहीत, पोटावरच्या चौकटींना नाहीत. तरी पोरं तासभर दंडाच्या मागं लागतात आणि शंभर मीटरची सुरुवात कशी करायची याचा सराव करत नाहीत.

उंची मोजायची तर सकाळी. पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस साधारण एक सेंटिमीटर कमी भरतो. हाडांची वाढ थांबल्यावर लटकून किंवा गोळ्या खाऊन उंची वाढत नाही. ते पैसे बुटांत घाला. छाती फुगवण्याचे ५ सेंटिमीटर मात्र सरावाचे आहेत. बरगड्या पसरवून खोल श्वास, पाच सेकंद धरून सोडणं, दहा वेळा, रोज. पोट फुगवाल तर टेपवर काहीच येणार नाही.

अंगाकडं कामाच्या नजरेनं पाहणं विदर्भाला नवं नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. तिथल्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. मल्लखांबावर चढलेल्याला कोणी वजन विचारत नाही, पकड पाहतात. आणि चांगल्या पैलवानाला पोट असतं, हे कोणत्याही गावच्या दंगलीत दिसतं. रिल्समधल्या अंगाला कुस्ती करता येतेच असं नाही.

तुरीचे दाणे

स्वतःला तपासत राहायची सवय व्यायाम करणाऱ्यांत हळूच शिरते. जाता-येता काचेत पोट पाहणं, दंड दाबून पाहणं, कमरेची वळी चिमटीत धरणं, "मी जाड दिसतो का" असं दिवसातून चारदा विचारणं. यानं समाधान पाच मिनिटं टिकतं आणि शंका वाढते, म्हणून परत तपासावं लागतं.

मोजून पाहा. सकाळी डाव्या खिशात तुरीचे ३० दाणे टाका. एकदा तपासलं की एक दाणा उजव्या खिशात. साडीवाल्यांनी पदराला दोन गाठी माराव्यात किंवा दोन छोट्या पुरचुंड्या कमरेला खोचाव्यात. दोन दिवस काहीही बदलायचं नाही, नुसतं मोजायचं. तिसऱ्या दिवसापासून आलेल्या आकड्याच्या निम्म्यावर आणायचं. इच्छा झाली की दहा मिनिटं पुढं ढकला आणि हाताला दुसरं काम द्या: सांबार (कोथिंबीर) निवडा, दोर वळा, काहीही. बहुतेक वेळा दहा मिनिटांनी आठवणही राहत नाही. आरसा काढून टाकायची गरज नाही. केस विंचरायला, दाढीला, कुंकवाला तो हवाच. काम झालं की बाजूला व्हायचं.

फोनचं थोडक्यात. अंग दाखवणारी रील आली की ती दाबून धरा आणि "नॉट इंटरेस्टेड" निवडा. ओळीनं पंधरा-वीस वेळा केलं की येणाऱ्या गोष्टी बदलायला लागतात. आणि एक प्रयोग, एकदाच: दंड मारून झाल्यावर वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटखाली ताठ उभं राहून एक फोटो काढा. पाच मिनिटांनी समोरून उजेड येईल अशा जागी, श्वास सोडून, ढिलं उभं राहून दुसरा. पाच मिनिटांत अंग बदललेलं नसतं, फोटो मात्र दोन माणसांचे वाटतात. "आधी आणि नंतर"च्या बऱ्याच जाहिराती एवढ्यावर चालतात. पाहून झालं की दोन्ही फोटो पुसून टाका.

गावची जीभ

शहरात जिमची माणसं बोलतात, गावात सगळेच बोलतात. वाळलात तरी बोलतात, सुटलात तरी बोलतात. यात दुष्टपणा कमी आणि सवय जास्त. तब्येतीवर बोलणं हे इथं "कशी आहेस" विचारण्यासारखंच आहे. म्हणून भांडायचं नाही. विषय अंगावरून कामावर वळवायचा आणि पुढं सरकायचं.

मामी म्हणते, "काय वो, लयच वायली तू, खात-पीत नाही का?" उत्तर: "मामी, आठशे मीटर एका दमात होते आता माह्यं. बस, चहा मांडतो."

पारावरचा मित्र म्हणतो, "का बे काडीपैलवान!" उत्तर: "काडीनं आज पन्नास बैठका मारल्या बे. तू येतं का उद्या?"

एक वाक्य माहितीचं, एक वाक्य पाहुणचाराचं किंवा आवतणाचं. तिसरं वाक्य बोलाल तर ते सफाई दिल्यासारखं होतं आणि समोरच्याला आणखी विचारायला जागा मिळते. घरातलं माणूस रोजच बोलत असेल, तर चारचौघांत उत्तर न देता नंतर एकट्यात सांगा. सासूबाईंना: "आई, मले एकटीले सांगत जा, लेकराइसमोर नोका बोलू." हे पुष्कळदा मानलं जातं, कारण त्यात तोंड बंद करायला सांगितलेलं नाही, जागा बदलायला सांगितली आहे. आणि आयांनी आपल्याच पोटाला नावं ठेवणंही लेकीसमोर टाळावं. पोरगी स्वतःच्या अंगाविषयीची भाषा तिथूनच उचलते.

लग्नासाठी पाहुणे येणार म्हणून तीन आठवड्यांत वजन उतरवायचा आग्रह ही वेगळीच डोकेदुखी आहे. तीन आठवड्यांत उपाशी राहून जे जातं त्यात पाणी आणि स्नायू पुष्कळ असतात. चेहरा ओढलेला दिसतो, केस दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, आणि तोवर लग्न जमलेलं असतं. घरच्यांना "नाही" म्हणण्यापेक्षा "व्यायाम चालूच आहे, जेवण तोडणार नाही" हे वाक्य सोपं जातं.

कपड्याची माया

घट्ट कपड्यात व्यायाम केला की लक्ष अंगावरच राहतं. जुना, छातीला ताणलेला टी-शर्ट घालून धावणारी पोरगी दर पन्नास पावलांनी तो खाली ओढते. तिचा दम निम्मा त्यातच जातो. आज आहे त्या मापाचे दोन जोड असले की पुरे. सुती किंवा पातळ जाळीचा सैल टी-शर्ट, नाडीचा ट्रॅक पँट. स्पोर्ट्स ब्रा घेताना छातीखालचा घेर आणि छातीचा सगळ्यात भरलेला घेर, दोन्ही मापं न्या. घातल्यावर जागेवर दहा उड्या मारा. पट्टी वर सरकली तर मोठी होतेय, श्वास अडला तर लहान. दोन साध्या ब्रा एकावर एक घालून काम भागवतात, पण त्यानं खांद्यावर काच पडतो.

"बारीक झाल्यावर घालीन" म्हणून पेटीत ठेवलेला कुर्ता आतून उलटा करून पाहा. चांगल्या शिंप्यानं बाजूच्या शिवणीत दोन्हीकडं अर्धा ते एक इंच माया सोडलेली असते. ती उसवून मोकळी केली की घेरात एक ते अडीच इंच मिळतात. जुन्या शिवणीची भोकं पाण्याचा हबका मारून इस्त्री केल्यावर बरीचशी बुजतात. माया नसेल तर काखेपासून खाली उभी पट्टी जोडून मिळते. शिंप्याकडं जायला दहा मिनिटं लागतात. पेटी उघडताना दर वेळी होणारी चिडचिड त्यानं संपते, आणि तीच व्यायाम सोडायला लावते.

उन्हात रंग रापतो. पूर्ण बाह्या, ओढणी किंवा टोपी आणि पहाटेची वेळ, एवढाच त्यावर उपाय. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेली गोरं करणारी मलमं टाळा. त्यांतल्या बऱ्याचमध्ये स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम येतात, आणि मलम थांबवलं की आग होते.

ताटात काय

भाकर बंद करून व्यायाम करणं म्हणजे डिझेल न टाकता ट्रॅक्टर चालवणं. व्यायाम करणाऱ्याला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागं साधारण १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. ५५ किलोच्या माणसाला ६६ ग्रॅम झाली. ती घरात अशी जमतात: ज्वारीच्या चार भाकरी (२५० ग्रॅम पीठ) २५ ग्रॅम, तुरीची कोरडी डाळ ६० ग्रॅम म्हणजे दोन वेळचं घट्ट वरण १३ ग्रॅम, फुटाणे ५० ग्रॅम म्हणजे १०, शेंगदाणे ३० ग्रॅम म्हणजे ७, दोन अंडी १२. बेरीज ६७. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत १३ ग्रॅम मिळतात. सोयाबीन आपण पिकवतो आणि विकून टाकतो, ही गंमतच. डब्यातली पावडर या हिशेबात कुठं लागत नाही. पातळ वरणाची सवय मात्र मोडावी लागते. वाटीत डाळ तळाशी आणि वर नुसतं पाणी, असल्या वरणात हिशेब बसत नाही.

वजन किंवा अंग "भरायच्या" गोळ्यांपासून लांब राहा. भूक वाढवायला म्हणून सुट्या पुडीत मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये डेक्सामेथासोन (हे स्टिरॉइड आहे) किंवा सायप्रोहेप्टाडीन (हे ॲलर्जीचं औषध) निघतं. डेक्सामेथासोननं चेहरा गोल होतो, अंगावर पाणी चढतं आणि माणूस भरल्यासारखा दिसतो. आतून शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात. कोणी महिनोन् महिने घेत असेल तर त्यानं ती एकदम बंदही करू नये, डॉक्टरकडून हळूहळू कमी करून घ्यावी. इंजेक्शनच्या स्टिरॉइडनं दंड फुगतात, सोबत वृषण लहान होतात, छातीत गाठी येतात आणि मूल व्हायला अडचण येते. हे सांगणारा माणूस जिममध्ये सापडत नाही.

सिकलसेल

पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर भागात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. अंग वाळकं, डोळे पिवळसर, सांधे दुखणारे, आणि घरचे म्हणतात "याच्या अंगाले काही लागत नाही". अशा पोराला जोर मारायला लावण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्या. आजार असेल तर व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हलका, भरपूर पाणी पिऊन. नुसता वाहक असेल, म्हणजे दोष रक्तात आहे पण आजार नाही, तर धावायला मनाई नाही. पण उन्हात, पाणी न पिता, सुरुवातीलाच जीव तोडून पळणं त्याला इतरांपेक्षा धोक्याचं आहे. पाय अचानक ढिले पडले, मांडीत कळ आली की थांबायचं, सावलीत झोपवायचं, दवाखाना गाठायचा. भरतीच्या शिकवणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

जास्त झालं हे कसं ओळखायचं

सकाळची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहानं वाढलेली आणि सलग तीन दिवस तशीच: दोन दिवस आराम. हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशी दुखरी जागा, रात्रीही ठणकणारी: धावणं बंद, दवाखाना. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर विसंबून परत पळू नका. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर आधी गरोदरपणाची तपासणी आणि ती नसेल तर डॉक्टर. खाणं कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर पाळी बंद करतं आणि सोबत हाडंही झिजतात. "पाळी गेली म्हणजे व्यायाम लागू पडला" असं पोरींमध्ये बोललं जातं, ते साफ खोटं आहे.

मनाच्या खुणा वेगळ्या. सुट्टीच्या दिवशी अपराध्यासारखं वाटणं, जेवणाआधी "आज कमावलं का" असा हिशेब, चोरून दुसऱ्यांदा धावणं, खाऊन ओकणं, अंगाचा विचार दिवसातले तासन् तास खाणं. यातलं काही दोन आठवडे टिकलं तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, नंबरावर बोला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजारांचा विभाग असतो.

बाळंतिणींसाठी एवढंच: सहा आठवड्यांनंतर आणि सिझर असेल तर डॉक्टरनं होकार दिल्यावरच ताकदीचा व्यायाम. उताणं झोपून डोकं उचला आणि बेंबीच्या वर बोटं दाबून पाहा. मधल्या खाचेत दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील तर उताणं झोपून उठण्याचे व्यायाम नकोत, फिजिओथेरपिस्टला दाखवा. पोटावरच्या रेषा व्यायामानं जात नाहीत. वर्षभरात फिक्या होतात.

ऊन आणि खंड

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-वर्ध्याकडं पारा ४५ च्या वर जातो. पावणेपाचला सुरू करून साडेसहाच्या आत आटपा. पहिले दहा ते चौदा दिवस नेहमीच्या निम्माच जोर, तेवढ्यात शरीर उन्हाला सरावतं. इथं मात्र काटा कामाचा आहे, वजन उतरलं का पाहायला नाही, गेलेलं पाणी मोजायला. धावायच्या आधी आणि नंतर वजन करा. १ किलो कमी भरलं तर साधारण १ लिटर पाणी गेलं, चरबी नाही. ते घोट घोट भरून काढा. घाम फार गेला असेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खंड पडणारच. पेरणी, डेंग्यू-चिकनगुनिया, घरातलं लग्न, कुणाची तेरवी. दोन आठवड्यांचा खंड असेल तर शेवटच्या नोंदीच्या निम्म्यापासून सुरू करा आणि दोन आठवड्यांत पूर्वीच्या आकड्यावर या. महिन्याहून जास्त असेल तर पहिल्या पानावरचे आकडे घ्या. चिकनगुनियानंतर सांधे सुजलेले असेपर्यंत धावणं नाही, नुसतं चालणं. मधली बुडालेली पानं कोरी सोडून नव्या पानावर त्या दिवसाची तारीख टाका आणि जे झालं ते लिहा, दहा मिनिटं चालणं असलं तरी.